वेळ न लावता घेतलेलं पेन

दिवाळीला धाकटी बहीण माहेरी येते, तेव्हा भाचाही येतो. पुण्याला नोकरी, हातात पैसा, मनानं उदार. यंदा त्याच्या पिशवीतून फराळाच्या डब्याआधी अठरा खोकी निघाली. सगळी सारखी. काळा पुठ्ठा, आत मखमली अस्तर, त्यात सोनेरी क्लिपचं जाडजूड शाईचं पेन. वेळणेश्वरातली आमची भावकी आणि शेजार मिळून अठरा माणसं, म्हणून अठरा पेनं. पडवीत खोकी रचता रचता तो म्हणाला, "मामा, पेन ही एकच भेट अशी आहे जिला डोकं लावावं लागत नाही. साडीचा रंग चुकतो, शर्टाचं माप चुकतं, मिठाई निम्म्या लोकांना डॉक्टरनं बंद केलेली असते. पेन कुणालाही चालतं. फक्त जरा भारी घ्यायचं. दहा मिनिटांत अठराही माणसं उरकली."

त्याचं ते 'उरकली' माझ्या कानात अडकून बसलं. आमच्या देवाच्या नावाची एक फोड गावात सांगतात: भक्ताला पावायला वेळ न लावणारा, तो वेळणेश्वर. देवाला ते शोभतं. कुणाला काय हवं ते त्याला मागण्याआधीच ठाऊक असतं. आपल्याला ते ठाऊक नसतं, म्हणून आपल्याला वेळ लावावा लागतो. त्या रात्री मामा-भाच्यात जो वाद झाला, तो इथं मांडतो. भाच्याचं मत त्याच्या एकट्याचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण सत्काराला, निरोप समारंभाला, दहावीच्या निकालाला, दिवाळीला, जिथं जिथं 'काय द्यावं बुवा' असा प्रश्न पडतो तिथं तिथं हेच मत पेनाचं खोकं होऊन पुढं येतं.

पहिला मुद्दा, पेन कुणालाही चालतं. खरं तर पेन चुकल्याचं कुणाला कळत नाही, इतकंच. साडीचा रंग आवडला नाही तर निदान तोंड वाकडं होतं, दुकानात जाऊन ती बदलून आणता येते. पेन चुकलं की 'वा, छान आहे' म्हणून कपाटात जातं. देणाऱ्याला वाटतं, लागू पडलं.

मी भाच्याला म्हटलं, तुझी यादी काढ. अठरातली रोज हातानं काही लिहिणारी माणसं मोजू. सात निघाली. उत्सवाची वर्गणी गोळा करणारे काका, किराणा दुकानदार, स्पर्धा परीक्षेला बसलेला शेजारचा मुलगा, पत्रिका मांडणारे गुरुजी, कॉलेजात जाणारी माझी पुतणी, माझी आई आणि मी. उरलेल्या अकरांचं सगळं लिहिणं मोबाइलवर. त्यांच्यासाठी अकरा पेनं म्हणजे होडी नसलेल्याला वल्हं.

आता सातांचं बघू. वर्गणीवाले काका पावतीपुस्तक वापरतात. दोन पानांत कार्बन घालायचा आणि वरून दाबून लिहायचं. शाईच्या पेनाला दाब दिला की निबेची दोन पाती फाकतात आणि निब कायमची बिघडते. दाब दिला नाही तर खालची प्रत कोरी राहते आणि वर्षअखेरीला हिशेब लागत नाही. त्यांना हवं टणक टोकाचं बॉलपेन. दुकानदाराचा एक हात कायम तराजूवर. उधारीच्या वहीत तो एका हातानं लिहितो, उभ्या उभ्या, दिवसातून पन्नास वेळा, दर वेळी चार आकडे. भाच्याच्या पेनाचं टोपण फिरवून काढायचं, म्हणजे दोन हात हवेत. उघडं ठेवलं तर निबेवर शाई सुकते. त्याला हवं अंगठ्यानं टिचकी मारायचं पेन, शक्यतो दोऱ्यानं गल्ल्याला बांधलेलं. परीक्षेवाल्या मुलाला गोल काळे करायचे असतात आणि त्या उत्तरपत्रिकेला बॉलपेनच लागतं. म्हणजे सातातली तिघं अशी, की त्यांना शाईचं पेन, मग ते कितीही भारी असो, उपयोगाचं नाही. तीन बॉलपेनं शंभर रुपयांच्या आत आली असती आणि तिघांनी ती दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी खिशाला लावली असती.

गुरुजींना शाईचं पेन आवडतं. पण त्यांची कुंडली तळहाताएवढी. तिच्या बारा घरांत नऊ ग्रहांची आद्याक्षरं आणि आकडे बसवायचे. भाच्याच्या पेनाची निब मध्यम, तीही युरोपीय बनावटीची. रोमन अक्षरांना ती ठीक. आपल्या लिपीचं तसं नाही. देवनागरीत रेघेच्या वर वेलांटी आणि मात्रा, अक्षराच्या खाली उकार आणि पायमोडकी जोडाक्षरं, आणि मधल्या पट्टीत 'ध', 'भ', 'श', 'ज्ञ' यांच्या बारीक गाठी. जाड निबेनं या गाठी शाईनं भरून जातात, 'घ' आणि 'ध' यांच्यात फरक उरत नाही. पूर्वीचे लोक बोरू स्वतः छाटायचे. टोक किती रुंद ठेवायचं आणि किती तिरकं कापायचं, हे ज्याच्या त्याच्या हाताच्या वळणावर आणि कागदावर ठरे. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेई आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जाई. त्याचा बोरू पोथी लिहिणाऱ्या बाळबोध हाताला चालेलच असं नसे. लेखणी लिहिणाऱ्याच्या हातासाठी घडते, ही गोष्ट बोरूच्या काळात सांगावी लागत नव्हती. जपानी कंपन्यांची 'फाइन' निब युरोपीय 'फाइन'पेक्षाही बारीक असते. मराठी लिहिणाऱ्याला पेन देताना एवढं एकच लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

आता पुतणी. इथं मला माझी चूक सांगायला हवी, नाहीतर भाच्यालाच बोलून मोकळा झालो असं होईल. ती डावखुरी आहे. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून तिला मीच एक सुंदर शाईचं पेन दिलं होतं. भरपूर शाई सोडणारं, लोण्यासारखं चालणारं. मला स्वतःला ते इतकं आवडलं की तिलाही आवडणार यात शंकाच नव्हती. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा तळवा कोऱ्या कागदावरून पुढं जातो. डावखुऱ्याचा तळवा नुकत्याच लिहिलेल्या ओल्या शाईवरून जातो. त्यात आमची हवा. जूनपासून तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वहीचा कागद हाताला थंड लागतो, शाई त्यात फुटते आणि सुकायचं नाव घेत नाही. महिन्याभरानं तिनं वही दाखवली. प्रत्येक ओळीवरून निळा ढग ओढलेला, आणि तिच्या करंगळीखालचा तळव्याचा भाग मनगटापर्यंत निळा. "काका, पेन छान आहे, पण मी ते रविवारी वापरते," ती म्हणाली. रविवारी म्हणजे कधीच नाही. तिला बारीक निब आणि लवकर सुकणारी शाई हवी होती, किंवा सरळ जेल पेन. तिला लिहिताना बघण्यात मी पाच मिनिटं घातली असती तर ते कळलं असतं. मी पेन बघत बसलो होतो.

यावर भाच्याचा दुसरा मुद्दा आला. "मामा, तुम्ही उपयोगाचं बोलता. भारी पेन हातात आलं की माणसाला लिहावंसं वाटतं. माणूस आपोआप लिहायला लागतो."

मी म्हटलं, लोकमान्य टिळक आपल्याच रत्नागिरीचे. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. तिथं शाई-लेखणी मिळत नव्हती. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिल, एवढंच. 'गीतारहस्य' त्या पेन्सिलीनं लिहिलं गेलं, १९१०-११च्या हिवाळ्यात. मराठीतल्या एवढ्या मोठ्या ग्रंथाला निबही लाभली नाही. लिहायचं ज्याच्या डोक्यात असतं तो पेन्सिलीनं लिहितो. ज्याच्या डोक्यात नसतं त्याला सोन्याची निब दिली तरी तो तिनं सही करून बघतो, पुन्हा सही करून बघतो आणि टोपण लावतो.

"मग सगळ्यांना पेन्सिलीच द्या की," भाचा म्हणाला. तो चिडला होता, पण मुद्दा खोटा नव्हता. साधन कसलंही चालतं, असं मला म्हणायचं नाही. पेन्सिल टिळकांनी निवडली नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली होती. आपल्यासारख्या साध्या माणसांची इच्छा तेवढी पोलादी नसते. निब कागदावर खरखरली, शाई अक्षराच्या मध्येच तुटली, बोटं दुखली, की आपण अर्ध्या पानावर वही मिटतो. म्हणूनच पेन हाताला बसणारं हवं. भारीपणानं माणूस लिहायला लागत नाही. अडथळा नसला की लिहिणारा लिहीत राहतो. दोन्हींत फरक आहे, आणि भेट देणाऱ्याचं काम दुसऱ्या वाक्यात आहे.

अडथळ्यावरून आठवलं. भाच्याच्या खोक्यात पेनाबरोबर एक कार्ट्रिज होती, जेमतेम एक मिलिलिटर शाईची. दौतीतून शाई ओढून घ्यायचा कन्व्हर्टर नव्हता. ती कार्ट्रिज संपली की पुढची इथं मिळायची नाही. शाईची दौत मिळेल, पण ती या पेनात भरायची कशी? म्हणजे अठरा पेनं पहिल्या पंधरवड्यात मरणार होती. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत धंदा सुरू केला तो शाईच्या पुडी-गोळ्यांचा, घोडा छाप नावानं. त्याचं पुढं कॅम्लिन झालं. आधी शाई, बाकीचं मागाहून, हा क्रम मला पटतो. शाईचं पेन देणाऱ्यानं सोबत दौत द्यावी, आणि ती कुठली नसावी हेही बघावं. चित्रकलेची काळी शाई शाईपेनात भरली, की तिच्यातली काजळी निबेखालच्या जिभेच्या बारीक नळीत बसते आणि पेन कायमचं तुंबतं.

आता सोन्याकडं येऊ, कारण 'भारी' या शब्दाचा अर्थ शेवटी तिथंच पोचतो. सोन्याच्या निबेमागं पूर्वी खरं कारण होतं. लोहयुक्त जुन्या शाया आम्लधर्मी असत, साध्या पोलादाला खात. सोन्याला त्या खाऊ शकत नव्हत्या. कागदाला टेकणारं टोक मात्र तेव्हाही सोन्याचं नसे. सोनं मऊ, ते लवकर झिजलं असतं. टोकाला दुसऱ्याच कठीण धातूचा मोहरीहून बारीक कण डाग देऊन बसवलेला असतो आणि लिहितो तो. आजच्या रोजच्या वापरातल्या शाया स्टेनलेस स्टीलला काही करत नाहीत. चौदा कॅरेटची निब थोडी अधिक मऊ चालते, हाताला कळणाऱ्याला ते कळतं, आणि अशा माणसाला परवडत असेल तर ती जरूर द्यावी. पण भाच्याच्या पेनावरचं सोनं निबेवर नव्हतंच. ते क्लिपवर होतं, मुलाम्याचं.

मुलाम्याचं काय होतं ते माझ्या कपाटात आहे. निवृत्त झालो तेव्हा मला दोन पेनांचा एक सोनेरी संच मिळाला. नाव कोरलेलं. 'सर, जपून ठेवा' असं देणारे म्हणाले आणि मी आज्ञाधारकपणे जपून ठेवला. समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. खारं वारं कपाटाच्या फटीतूनही आत येतं. तीन पावसाळ्यांनंतर खोकं उघडलं, तर मखमलीवर पांढरी बुरशी, क्लिपच्या वाकणात हिरवट पूड, आणि कोरलेल्या नावातलं एक अक्षर मुलाम्याच्या खपलीबरोबर निघून गेलेलं. शेजारच्या डब्यात मी वह्या तपासायला वापरलेलं लाल शाईचं साधं देशी पेन होतं. टोपणाला चीर, बॅरलवर दाताच्या खुणा. पाणी भरून दोनदा झटकलं आणि चालू झालं.  पेनाबरोबर 'जपून ठेव' असं म्हणणाऱ्यानं पेन देऊच नये. 'हरवलंस तर दुसरं देईन' असं म्हणता येईल एवढ्याच किमतीचं द्यावं.

रात्री अकराला भाच्यानं शेवटचं आणि सगळ्यात जड अस्त्र काढलं. "मामा, भेट वापरायला नसते. मान द्यायला असते. शाल कोण पांघरतं? श्रीफळ देताना नारळाची चव कोण बघतं?"

हे मला पटकन खोडता आलं नाही. आपल्याकडं मानपानाला किंमत आहे, आणि ती असावी. पण मान कशानं होतो? २००९ साली माँ ब्लाँ कंपनीनं गांधीजींच्या नावानं एक पेन काढलं. निब सोन्याची, तिच्यावर काठी घेतलेल्या गांधीजींची आकृती. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून नग २४१. किंमत अकरा लाखांच्या वर. केरळच्या उच्च न्यायालयात याचिका झाली आणि कंपनीला इथली विक्री थांबवावी लागली. आता दुसरी गोष्ट बघा. राजमुंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी बनावटीचं पेन घडवून गांधीजींकडं पोचवलं. गांधीजींनी ते वापरलं आणि १९३५ साली पत्र लिहून पसंती कळवली. दोन्ही पेनं एकाच माणसाच्या मानाची. पहिल्यात त्या माणसाच्या पंच्याची, बोरूच्या आवडीची, पैशापैशाच्या हिशेबाची कुणी दखल घेतलेली नाही. दुसऱ्यात हा माणूस कसलं पेन हातात धरेल, याचा विचार आधी झालेला आहे. मान त्या विचाराचा असतो. शालीतही तोच असतो. थंडीत सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्याला दिलेली लोकरीची शाल तो पांघरतो. सत्काराची चकचकीत शाल दुसऱ्याच्या सत्काराला जाते, आणि ती फिरून आली तर आपण ओळखतोही.

"पण मामा, अनोळखी माणसालाही पेन देतातच की," असं तो म्हणाला असता तर मी सहा डिसेंबरचं उदाहरण दिलं असतं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. गावोगावच्या त्यांच्या पुतळ्यांच्या खिशाला पेन असतं. महापरिनिर्वाण दिनाला हार-मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' वाहायचं अभियान महाराष्ट्रात चालतं आणि त्या वह्या-पेनं गरजू मुलांपर्यंत जातात. देणारा घेणाऱ्या मुलाला ओळखत नाही. तरी ही निवड डोळसच आहे. त्या मुलाला काय लिहायचं आहे ते ठाऊक आहे, पेन साधं आणि चालणारं आहे, आणि सोबत वही आहे. तिथं कुणी मखमलीचं खोकं वाहत नाही.

बाराच्या सुमारास भाचा थकून म्हणाला, "जाऊ दे मामा. आता हातानं लिहितो तरी कोण?" मी म्हटलं, संध्याकाळी पेन कुणालाही चालत होतं, रात्री लिहिणारा कुणी उरला नाही. दोन्ही खरं कसं असेल? लिहिणारे थोडे उरलेत, हे मान्य. म्हणून तर त्यांच्यासाठी थोडा वेळ काढायचा.

आईचं राहिलं. अठरातलं पहिलं खोकं भाच्यानं तिच्याच हातात ठेवलं होतं. तिनं पेन उलटसुलट करून पाहिलं, 'झकास आहे हो' म्हणाली आणि देवघराच्या खणात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. आई भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहीत होती. दुधाचा रतीब, सिलिंडरची तारीख, नारळ पाडणारा किती माडांवर चढला. तिचं सगळं लेखन गेली चाळीस-पन्नास वर्षं त्या चौकोनांत चालतं, उभ्यानं, हात डोळ्यांच्या वर धरून. भाच्यानं खणातून पेन आणून तिला दिलं. निबेचं टोक वर झालं, शाई मागं राहिली, कागदावर कोरडा ओरखडा उठला. मग त्यानं खिशातलं बॉलपेन दिलं. तीन आकडे उमटले, चौथा अर्धवट. वर धरलेल्या रिफिलीतली शाई गोळीपर्यंत येत नाही. आईनं काही न बोलता मिसरीच्या डबीमागून बोटभर उरलेली पेन्सिल काढली आणि 'दूध १॥' असं स्वच्छ लिहिलं.

भाचा पेन्सिलीकडं बघत राहिला. "आजी, ही सापडत नाही तेव्हा काय करतेस?"

"लक्षात ठेवते," ती म्हणाली. "आणि विसरते."

तो चपला घालून दुकानात गेला. परत आला तेव्हा हातात दोन पेन्सिली, एक शार्पनर आणि सुतळीचा गुंडा होता. कालनिर्णयच्या खिळ्याला सुतळी बांधायला लागला. आधी सुतळी आखूड झाली, आजीचा हात खालच्या चौकोनापर्यंत पोचेना. मग लांब झाली, पेन्सिल चुलीच्या ओट्यावर लोंबायला लागली. आजी शेजारी उभी राहून हात वर-खाली करून माप देत होती. चिपळूणला जायच्या गाडीची वेळ होत आली, बहिणीनं दोनदा हाक मारली. "आलो, आलो, जरा वेळ लागेल," तो म्हणाला आणि गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला.